परसातला वाफा : डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर

डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे नाव मराठी वाचकाला परके नाही. श्रीमती वीणा गवाणकर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून कित्येक मराठी घरांत कार्व्हर हा घरचाच माणूस होऊन बसला आहे. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला आणि भुईमुगाच्या शेंगेपासून शेकडो वस्तू करून दाखवणारा शास्त्रज्ञ, ही त्यांची ओळख शाळकरी मुलेही सांगतात. ही ओळख खोटी नाही. पण अपुरी आहे. प्रयोगशाळेतील त्या वस्तूंनी त्यांना कीर्ती दिली खरी, परंतु त्यांच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे दुसऱ्याच एका कामात गेली. ते काम दिसायला अगदी साधे होते. कर्जात बुडालेल्या गरीब शेतकऱ्याने आपल्या खोपटाच्या दाराशी भाजीचा एक वाफा करावा, चार कोंबड्या पाळाव्यात, घरच्या ताटातले अन्न घरच्या मातीतून काढावे, एवढेच ते शिकवीत होते. हे साधे काम किती अवघड होते आणि त्यात काय पणाला लागले होते, ते या लेखात आम्हांला सांगावयाचे आहे.

कार्व्हरांचा जन्म अमेरिकेतील मिसूरी राज्यात, डायमंड या खेड्याजवळ, १८६४ च्या सुमारास झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गुलामाच्या मुलाची जन्मतारीख लिहून ठेवण्याची रीत नव्हती. त्यांची आई मेरी ही मोझेस आणि सुझन कार्व्हर या गोऱ्या शेतकरी दांपत्याच्या मालकीची होती. अमेरिकेतील यादवी युद्धाचे ते दिवस होते. एका रात्री लुटारूंची टोळी आली आणि मेरीला व तान्ह्या जॉर्जला पळवून घेऊन गेली. मोझेस कार्व्हरने त्यांच्या शोधार्थ माणूस पाठवला. तो माणूस मूल घेऊन परत आला. आई मात्र पुन्हा कधीच सापडली नाही. मूल परत आणल्याबद्दल मोझेसने त्याला एक घोडा दिला, असे सांगतात. 

जॉर्ज लहानपणी फार अशक्त होता. डांग्या खोकल्याने त्याला बेजार केले होते. थोरला भाऊ जिम शेतावर राबे. जॉर्जला ते झेपत नसे. म्हणून सुझनबाईंनी त्याला घरकामाला घेतले. स्वयंपाक, धुणे, शिवणटिपण आणि भाज्यांच्या वाफ्यांची देखभाल ही कामे तो त्यांच्या हाताखाली शिकला. पुढे हे शिक्षण किती उपयोगी पडणार होते, याची त्या घरात कोणाला कल्पना असणार? शेतीचे शास्त्र शिकलेले लोक पुष्कळ असतात; पण पीक घरात आल्यावर चुलीपाशी त्याचे काय होते, हे ठाऊक असलेले थोडे. जॉर्जला दोन्ही कळू लागले. जवळच्या रानात त्याने आपली एक लहानशी बाग गुपचूप केली होती. आजारी रोपे तो तेथे नेऊन जगवी. आसपासचे लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले.

डायमंड येथील शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. बारा-तेरा वर्षांचा जॉर्ज एकटाच चालत आठ मैलांवरच्या निओशो गावी गेला. तेथे काळ्या मुलांची शाळा होती. शाळेशेजारी मरायाबाई वॉटकिन्स नावाची कृष्णवर्णीय सुईण राहत असे. ती लोकांचे कपडेही धूत असे. तिने व तिच्या नवऱ्याने या पोरक्या मुलाला घरात घेतले. तिनेच त्याला पवित्र शास्त्राची प्रत दिली. ती त्याने मरेपर्यंत जपून ठेवली. शिकून जे मिळेल ते आपल्या लोकांना परत द्यायचे, ही गोष्टही तिनेच त्याच्या मनावर बिंबवली.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे वणवण करण्यात गेली. कॅन्सस राज्यात गावोगाव फिरून, लोकांचे स्वयंपाक व धुणी करून जॉर्ज शिकत राहिला. १८७९ साली फोर्ट स्कॉट येथे जमावाने एका काळ्या माणसाला तुरुंगातून ओढून काढले व जाळून टाकले, ते त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्या आठवणीने तो जन्मभर व्याकूळ होत असे. पुढे हायलंड येथील कॉलेजने पत्राने त्याला प्रवेश दिला; तो तेथे जाऊन उभा राहिला, तेव्हा कातडीचा रंग पाहून त्याला परत पाठवले. मग १८८६ साली त्याने कॅन्ससच्या पश्चिमेकडील माळावर सरकारी जमिनीवर वस्ती केली. तेथे झाडे नाहीत, दगड नाहीत. म्हणून गवताळ मातीचीच ढेपाळे कापून त्याने स्वतः घर बांधले. सतरा एकर जमीन त्याने पिकाखाली आणली, भाजीपाला लावला, फळझाडे लावली. माळावरचा वारा, अवर्षण आणि बर्फ यांपुढे त्याचे फारसे चालले नाही. परंतु हाती काही नसताना जमिनीशी झगडणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख त्याने पुस्तकात वाचले नव्हते; ते त्याने स्वतः सोसले होते.

१८९० साली आयोवा राज्यातील सिम्प्सन कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. तेथे ते चित्रकला व संगीत शिकत होते. त्यांची फुलापानांची चित्रे पाहून त्यांच्या शिक्षिका एटा बड यांनी ओळखले की, या विद्यार्थ्याचा जीव झाडांत आहे. त्यांचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. १८९१ साली कार्व्हर तेथे गेले. त्या संस्थेतील ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. आरंभी त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसू दिले नाही. तळघरात नोकरांबरोबर जेवावे लागले. तथापि त्यांच्या बुद्धीने व स्वभावाने हळूहळू सर्वांची मने जिंकली. १८९४ साली ते पदवीधर झाले, १८९६ साली त्यांनी वरची पदवी घेतली. वनस्पतींवरील बुरशीच्या अभ्यासात त्यांचे नाव होऊ लागले होते. उबदार काचघर, चांगली प्रयोगशाळा, गुणांची कदर करणारे सहकारी, सारे जुळून आले होते.

याच वेळी अलाबामा राज्यातून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. वॉशिंग्टन हेही जन्माने गुलाम. त्यांनी १८८१ साली टस्कीगी येथे काळ्या मुलामुलींसाठी शिक्षणसंस्था सुरू केली होती. तेथे शेतकीचा विभाग उभारावयाचा होता. पैसा नाही, सोयी नाहीत, मान नाही. काम मात्र डोंगराएवढे. कार्व्हरांना मरायाबाईचे बोल आठवले असतील काय? आम्हांला वाटते, असावेत. १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात ते टस्कीगीला पोहोचले आणि पुढे सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ, मृत्यू येईपर्यंत, तेथेच राहिले.

टस्कीगीच्या आसपास त्यांनी काय पाहिले? मैलोगणती कापूस. रस्त्याच्या कडेपासून थेट खोपटाच्या उंबरठ्यापर्यंत कापूस. भाजीचा वाफा नाही, फळाचे झाड नाही, गाय नाही. गुलामगिरी कायद्याने गेली होती. पण जमीन गोऱ्या मालकांचीच राहिली होती. काळे शेतकरी बहुतेक कुळे होते. पिकातला वाटा देऊन ती जमीन कसत. पेरणीच्या वेळी बियाणे, खत, अवजारे आणि घरात खायचे धान्य हे सारे मालकाच्या किंवा गावच्या दुकानदाराच्या खात्यावर उधार घ्यावे लागे. त्याचे तारण म्हणजे शेतात अजून न उगवलेला कापूस. हंगाम संपला की हिशेब होई. हिशेब लिहिणारा एक आणि आंगठा उठवणारा दुसरा. मग बाकी कोणाच्या अंगावर निघायची, हे काय सांगावयास हवे? नवे वर्ष जुन्या कर्जातच सुरू होई. कर्ज देणाऱ्याला तारण म्हणून कापूसच हवा असे. कारण कापूस विकता येतो आणि कुळाच्या घरात तो कोणी खाऊन टाकू शकत नाही.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा शेतकरी वर्षभर जमिनीत राबत होता आणि तरीही खाण्याचे अन्न दुकानातून विकत आणीत होता. मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची खारवलेली चरबी हाच बारमाही आहार. या आहारातून पेलाग्रा नावाचा रोग होई. अंगावर चट्टे उठत, हगवण लागे, माणूस भ्रमिष्ट होई आणि शेवटी मरे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या रोगाने फार माणसे गेली. नियासिन या जीवनसत्त्वाच्या अभावी हा रोग होतो, हे १९३७ साली सिद्ध झाले. ते जीवनसत्त्व शेंगदाण्यात भरपूर असते आणि चवळीतही असते. कार्व्हरांना त्या जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण मुलांची तोंडे पाहून त्यांनी रोगाचे मूळ ओळखले होते. ते मूळ ताटात होते, आणि ताटाचे मूळ दुकानदाराच्या वहीत होते.

संस्थेने त्यांना प्रयोगासाठी जी जमीन दिली, ती दहा एकरांची, कस गेलेली, पावसाने घळी पडलेली होती. प्रयोगशाळा तर नव्हतीच. त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन उकिरडे धुंडाळले. फुटक्या बाटल्या, जुने दिवे, मोडकी भांडी गोळा केली आणि त्यांतून उपकरणे तयार केली. जमिनीच्या बाबतीतही त्यांनी तोच मार्ग धरला. विकतची खते गरिबाला परवडत नव्हती. म्हणून रानातला पालापाचोळा, दलदलीतला काळा चिखल, गोठ्यातले शेण, घरातला कचरा हे सारे कुजवून त्यांनी शेतात घातले. दरवर्षी कापूस घेऊन मातीचा जीव गेला होता. चवळी, भुईमूग यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतील जंतू हवेतला नत्र जमिनीत आणून साठवतात. आमच्या शेतकऱ्याला बेवड हा शब्द सांगावा लागत नाही. आधीच्या पिकाने जमीन कशी सुधारते वा बिघडते, हे तो बापाकडून शिकतो. अलाबामाचा शेतकरी ते विसरला होता, कारण कापसाखेरीज काही पेरण्याची त्याला मोकळीकच राहिली नव्हती. कार्व्हरांनी त्या उजाड तुकड्यावर चवळी घेतली, रताळी घेतली, मग कापूस घेतला आणि जमीन पुन्हा जिवंत होते हे शेतकऱ्यांना बांधावर उभे करून दाखवले.

नंतर प्रश्न आला, चवळी आणि रताळी पिकवून करायचे काय? लोकांना त्यांची सवय नव्हती, बाजारात त्यांना भाव नव्हता. येथे सुझनबाईंच्या स्वयंपाकघरात शिकलेला तो अशक्त मुलगा पुढे आला. १८९८ पासून कार्व्हरांनी शेतकऱ्यांसाठी लहान पुस्तिका काढण्यास आरंभ केला. पहिली पुस्तिका ओक वृक्षाची रानात पडणारी फळे डुकरांना कशी चारावी, याविषयी होती. म्हणजे फुकटच्या गोष्टीपासूनच त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या हयातीत अशा ४४ पुस्तिका निघाल्या. खचलेली जमीन कशी सुधारावी, चवळीचे पदार्थ कसे करावे, रानातली आलुबुखारासारखी फळे वाया जाऊ न देता कशी टिकवावी, उन्हाळ्यात मांस कसे खारवावे, गावच्या रंगीत मातीने घर कसे रंगवावे, असे त्यांचे विषय. १९१६ साली निघालेल्या पुस्तिकेत भुईमुगाची लागवड आणि त्याचे १०५ खाद्यपदार्थ दिले होते. १९१८ साली टोमॅटोचे ११५ प्रकार दिले. या पुस्तिका लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर तीन माणसे असत : शेतात काम करणारा शेतकरी, त्याच्या मुलांना शिकवणारा शिक्षक आणि त्या घरात चूल पेटवणारी बाई. तिघांनाही समजेल अशी सोपी भाषा ते वापरीत.

भाजीच्या वाफ्यावर त्यांचा विशेष भर असे. एका कुटुंबाला वर्षभर पुरेल इतका भाजीपाला घराजवळच्या थोड्याशा जागेत होऊ शकतो, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. ऋतूंप्रमाणे काय केव्हा लावावे, जास्त झालेले कसे वाळवावे, रताळी हिवाळाभर कशी ठेवावी, हे ते हाताने करून दाखवीत. एक डुक्कर, काही कोंबड्या, जमल्यास गाय. एवढे घरी असले की दुकानदाराच्या वहीतल्या ओळी कमी होतात. आणि ज्या वर्षी वहीत ओळ कमी, त्या वर्षी माणूस थोडा अधिक स्वतंत्र. कार्व्हरांच्या शेतीशिक्षणाचे सार आम्हांला यातच दिसते.

परंतु ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तिकेचा काय उपयोग? शेतकरी टस्कीगीला यावेत म्हणून संस्थेत मेळावे भरत. १८९७ पासून कार्व्हरांनी त्यांच्यासाठी दरमहाची सभाही सुरू केली. तरीही जे येऊ शकत नव्हते तेच सर्वांत गरीब होते. म्हणून सुटीच्या दिवशी ते स्वतः गाडीत अवजारे, बियाणे व रोपे घालून खेड्यापाड्यांत जाऊ लागले. यातूनच १९०६ साली एक खास घोडागाडी तयार झाली. न्यूयॉर्कचे दानशूर गृहस्थ मॉरिस जेसप यांनी तिला पैसा दिला, म्हणून तिला जेसप गाडी म्हणत. नांगर, कुळव, बियाणे, लोणी काढण्याचे यंत्र असे साहित्य घेऊन ही चाकांवरची शाळा शेताच्या बांधावर जाऊन उभी राही. त्याच वर्षी सरकारच्या शेतकी खात्याने टस्कीगीचे एक विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल यांना या कामावर नेमले. त्या खात्याने नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय शेतकी प्रचारक होत. शेतकऱ्याला शाळेत बोलावण्यापेक्षा शाळेने शेतकऱ्याकडे जावे, ही गोष्ट आज आपल्याला सहज वाटते. त्या काळी ती तशी नव्हती.

थोर माणसांची चरित्रे लिहिताना त्यांचे दोष झाकण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. कार्व्हर हे उत्तम शिक्षक होते, पण कारभारी म्हणून ते फार कमी पडत. संस्थेचा कोंबड्यांचा विभाग त्यांच्याकडे होता. तो नीट चालेना. १९०४ साली त्याच्या अहवालातील आकडे खरे नाहीत, असा ठपका त्यांच्यावर आला. वॉशिंग्टन हे शिस्तीचे कठोर होते. दोघांत पुष्कळ वेळा खटके उडाले आणि कार्व्हरांनी राजीनाम्याची भाषा केली. जो माणूस शेतकऱ्याला कोंबड्या पाळण्यास शिकवीत होता, त्याच्याच खुराड्याचा हिशेब लागेना, हे वाचून हसूही येते आणि धीरही येतो. देव परिपूर्ण माणसांकडूनच काम करून घेतो असे असते, तर जगात फारच थोडे काम झाले असते.

याहून मोठी अडचण बाहेर होती. कित्येक जमीनमालक कुळाला भाजी लावूच देत नसत. भाजीखाली जाणारी जमीन म्हणजे तेवढा कापूस कमी. आणि कुळाने स्वतःचे अन्न पिकवले तर दुकानाचा धंदा कमी. म्हणजे परसातला वाफा ही केवळ काटकसरीची बाब राहिली नव्हती. कोण कोणावर अवलंबून राहणार, याचा तो प्रश्न होता. जमिनीची मालकी बदलणे, कर्जाचे कायदे बदलणे, हे कार्व्हरांच्या हाती नव्हते, आणि ते त्या वाटेला गेलेही नाहीत. या कारणावरून त्यांच्यावर पुढे टीका झाली. तिच्यात तथ्य आहे. हजारो काळी कुटुंबे पुढे कर्जाला व जुलमाला कंटाळून उत्तरेकडील शहरांत निघून गेली. एका वाफ्याने गुलामगिरीचे सारे पाश तुटत नाहीत. पण ज्यांनी तो वाफा केला, त्यांच्या मुलांच्या ताटात हिरवा पाला आला, चवळीची उसळ आली. एवढे खास.

१९१० च्या सुमारास मेक्सिकोकडून आलेला बोल वीव्हिल नावाचा सोंडकिडा अलाबामात शिरला आणि कापसाची बोंडे पोखरू लागला. एकाच पिकावर विसंबलेला मुलूख हादरला. तेव्हा लोक भुईमुगाकडे वळू लागले. त्याच राज्यातील एंटरप्राइज गावी १९१९ साली या किड्याचे चक्क स्मारक उभारले गेले. कारण त्याने त्यांना कापसाखेरीज दुसरे पीक घ्यायला लावले होते! १९२१ साली परदेशी शेंगदाण्यावर जकात बसवावी, या मागणीसाठी उत्पादकांनी कार्व्हरांना वॉशिंग्टन शहरी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे नेले. त्यांना दहा मिनिटे दिली होती. एका सभासदाने त्यांच्या वर्णावरून हिणकस थट्टाही केली. कार्व्हर शांतपणे एकेक वस्तू पेटीतून काढून दाखवीत राहिले. समितीने पुनःपुन्हा वेळ वाढवून दिली आणि शेवटी सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी झालेल्या कायद्यात शेंगदाण्यावरील जकात आली. त्या दिवसापासून ते देशभर गाजले.

या कीर्तीबरोबर काही दंतकथाही पसरल्या. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले असे अनेक ठिकाणी छापले जाते. ते बरोबर नाही, त्याचे पेटंट त्यांच्या आधी, १८८४ साली, कॅनडातील एका गृहस्थाने घेतले होते. भुईमुगाच्या तीनशे वस्तूंपैकी बाजारात टिकलेल्या वस्तू फारच थोड्या. त्यांनी स्वतः अवघी तीन पेटंटे घेतली. शिवाय प्रयोगशाळेत आपल्याला देवच मार्ग दाखवतो, असे ते उघडपणे सांगत. त्यावरून १९२४ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या वृत्तपत्राने त्यांच्यावर टीकाही केली. त्याचे त्यांना फार वाईट वाटले, पण श्रद्धा त्यांनी लपवली नाही. पहाटे चार वाजता उठून ते रानात फिरत. तो त्यांचा प्रार्थनेचा समय. दर रविवारी सायंकाळी ते विद्यार्थ्यांसाठी पवित्र शास्त्राचा वर्ग चालवीत. हा वर्ग अनेक वर्षे चालला. त्यात ते पाने, दगड, माती घेऊन येत आणि निर्माणकर्त्याची ओळख त्यांतून करून देत.

आपल्या देशाशीही त्यांचा एक धागा जुळला. दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज १९२९ साली टस्कीगीला गेले होते. कार्व्हरांनी महात्मा गांधींकडे शाकाहारी आहाराविषयी आपली माहिती पाठवली. गरिबाला स्वस्तात सकस अन्न कसे मिळेल, या एका प्रश्नाने साबरमतीला आणि टस्कीगीला जोडले होते.

मोठ्या पगाराच्या नोकऱ्या त्यांना आल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. जुनाच कोट, कोटाला ताजे फूल, आणि टेबलाच्या खणात न वटवलेले पगाराचे चेक, अशी त्यांची राहणी. त्यांनी लग्न केले नाही. साठलेले सुमारे ६० हजार डॉलर त्यांनी संशोधनासाठी काढलेल्या निधीला देऊन टाकले. १९४२ साली दुसरे महायुद्ध पेटलेले असताना त्यांनी रानात आपोआप उगवणाऱ्या खाण्याजोग्या पालेभाज्यांवर एक पुस्तिका लिहिली. पहिल्या पुस्तिकेत रानातली फळे होती, अखेरच्या काळातल्या या पुस्तिकेत रानातली भाजी. चव्वेचाळीस वर्षांत जग बदलले. त्यांचे सांगणे बदलले नाही. दि. ५ जानेवारी १९४३ रोजी ते प्रभूकडे गेले. टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या कबरीशेजारी त्यांना मूठमाती दिली आहे. त्याच वर्षी त्यांच्या जन्मस्थानाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला हा मान तोवर मिळाला नव्हता.

कार्व्हरांचे चरित्र वाचून आम्ही काय घ्यावे? आमच्यापैकी बरेच जण आज शहरांत राहतात. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद कोठेही असोत, आमच्या आजोबा-पणजोबांचे हात मातीत होते. आमचे राहिले नाहीत. कापणीच्या सणाला देवापुढे ठेवावयाचा भोपळाही आम्ही आदल्या दिवशी बाजारातून आणतो. त्यात पाप नाही. पण त्या भोपळ्यामागे कोणाचे तरी शेत आहे, कोणाची तरी वही आहे, याची आठवण असावी. घराच्या मागे हातभर जागा असेल तर मेथीचा एक वाफा करावा. गच्ची असेल तर कुंडीत मिरची लावावी. आणि आठवडे बाजारात पाटी घेऊन बसलेल्या शेतकरी बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी अलाबामाच्या त्या कुळाचा हिशेब मनात आणावा. तिच्या गावातही पीक आणि कर्ज यांचा हिशेब चालू आहे.

भुईमुगाचे झाड फूल वर धरते, पण शेंग मात्र जमिनीच्या पोटात वाढवते. कार्व्हरांच्या आयुष्याचेही तसेच झाले. जगाने वरचे फूल पाहिले. ज्यांच्या मुलांनी त्या शेंगा खाल्ल्या, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. परंतु खरे पीक तेच होते.